बाबांच्या मापाची गाडी

पिकअप फाटकातून आत आली, पण हॉर्न वाजला नाही. शेडमध्ये रोपांवर झारी धरून उभ्या असलेल्या घंटीला तिथेच कळलं, की आजही ट्रे सांडले.

एरवी आई फाटकाशी दोनदा हॉर्न द्यायची. एकदा फाटक उघडा म्हणून, आणि दुसऱ्यांदा फाटक सताड उघडं असलं तरीही, नुसती हौस म्हणून. आईला या घरात हौस म्हणून काही करताना घंटीने जन्मात पाहिलं नव्हतं. बाबांचा पाय मोडला, स्टीअरिंग आईच्या हातात आलं आणि हा दुसरा हॉर्न सुरू झाला.

घंटीने झारी टाकली आणि धूम ठोकली. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं होतं. घरात ती घंटी, कारण एकदा वाजायला लागली की बंद कशी करायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण गाडीच्या मागे जाऊन तिने फळकुट खाली पाडलं आणि घंटी गप्प झाली.

हौद्यात चार कप्प्यांची लोखंडी मांडणी होती. त्यावर टोमॅटोच्या रोपांचे ट्रे ओळीने ठेवायचे. उजवीकडचे ट्रे शहाण्या मुलांसारखे बसलेले होते. डावीकडचे एकमेकांच्या उरावर चढलेले. बोटाएवढी रोपं मुळांसकट उपटून पडली होती, काळी माती हौद्याच्या कोपऱ्यात साचली होती, आणि ओल्या पानांचा हिरवा वास नुसता दरवळत होता. इतका छान वास आणि इतकं नुकसान एकाच वेळी, घंटीला त्याचाच राग आला.

"बागवाल्यांनी हे घेतलेच नाहीत?" तिने विचारलं.

"निम्मे घेतले. हे परत पाठवले," आई म्हणाली आणि ओढणी कमरेला खोचून ट्रे उतरवायला लागली.

ओट्यावर काका बसले होते. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. त्यांच्याकडे ट्रॅक्टर होता, आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाला जगातल्या सगळ्या गाड्यांबद्दल मत असतं.

"वहिनी, वळणावर ब्रेक नावाची एक वस्तू असते."

"दाबते की भावजी. ब्रेक दाबला तरी ट्रे डावीकडेच जातात. गाडीच डावीकडे झुकते. समोरून बघा, एक डोळा बारीक केल्यासारखी उभी असते."

"नाचता येईना, अंगण वाकडं," काका म्हणाले. हे वाक्य त्यांना फार आवडायचं. या आठवड्यात तिसऱ्यांदा आलं होतं.

दाराशी खाटेवर बाबा होते. प्लास्टरचा पाय उशीवर, आणि बाकीचे बाबा खाटेवर जिथे मावतील तिथे. बाबा चांगले जाडजूड होते. सिमेंटची दोन पोती एकावर एक ठेवावीत आणि वर कलिंगड ठेवावं, असे. पायही गाडीतून उतरतानाच मोडला होता. "म्हणून तर मी कधी उतरत नव्हतो," असं ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे आणि स्वतःच हसायचे. त्या दिवशी काका ट्रॅक्टरची किल्ली शोधत अंगणभर पळत होते. आईने ओढणी खोचली, लग्नाआधी मामाने शिकवलेली गाडी आठवली, आणि बाबांना दवाखान्यात नेऊन आणलंसुद्धा. किल्ली काकांच्याच खिशात होती.

"रविवारी बागवाल्यांचा मोठा माल आहे," बाबा म्हणाले. ते आईकडे न बघता उशीकडे बघत होते. "अर्धी शेड त्यांच्याकडे जाते. तो माल धड पोचला तर ठीक. नाही पोचला तर सोमवारपासून ड्रायव्हर ठेवू."

"माझ्या ओळखीचा आहे एक," काका लगेच म्हणाले.

"तुझ्या ओळखीचा नसता तरच आश्चर्य," बाबा म्हणाले. "आधी मिस्त्रीला बोलावू. हिच्या मनात शंका राहायला नको."

मोडकी रोपं आई एकेक करून वेगळी काढत होती, जगतील ती इकडे, मरतील ती तिकडे. मग तिने मरणाऱ्यांतलीच दोन उचलून जगणाऱ्यांत ठेवली.

*

मिस्त्री सकाळीच आले. काडीसारखे बारीक, कानामागे खडू. त्यांच्या मोटारसायकलचा आवाज ऐकताच बाबा खाटेवर उठून बसले.

"मला गाडीत बसवा."

"अहो, कशाला?" आई म्हणाली.

"मिस्त्री गाडीला हात लावणार आणि मी खाटेवर? असं कधी झालंय का?"

ते खरंच कधी झालं नव्हतं. गॅरेजमध्ये गेले तरी बाबा गाडीतून उतरायचे नाहीत. खिडकीवर कोपर टाकून, हातात चहाचा ग्लास धरून, खाली काम करणाऱ्या मिस्त्रींशी गप्पा मारायचे. जग कुठे चाललंय, पाऊस का पडत नाही, मिस्त्रींच्या मेव्हण्याचं पुढे काय झालं. मिस्त्री गाडीखालून उत्तरं द्यायचे. दोघांची दोस्ती अशी, एकाचं डोकं खिडकीबाहेर आणि दुसऱ्याचे पाय चाकाबाहेर.

काकांनी आणि मिस्त्रींनी बगलेत हात घालून बाबांना उजवीकडे, स्टीअरिंगमागच्या त्यांच्या नेहमीच्या जागी चढवलं. "एक, दोन, तीन" म्हणावं लागलं, आणि तीनला काहीच झालं नाही म्हणून परत एकपासून. प्लास्टरचा पाय आत ओढून घेतल्यावर बाबांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की घंटीला वाटलं, डॉक्टरांनी खाटेऐवजी हेच लिहून द्यायला हवं होतं.

मिस्त्रींनी आधी चारही टायरांची हवा बघितली. मग आईकडे थाळी मागितली, ती हौद्यात मधोमध ठेवली आणि तिच्यात काठोकाठ पाणी ओतलं.

"हे कशाला?" घंटीने विचारलं.

"पाणी खोटं बोलत नाही. गाडी कलली की एका काठाने सांडतं."

पाणी सांडलं नाही. थाळीच्या काठाला सगळीकडून सारखं टेकून राहिलं, त्यात आभाळाचा एक पांढरट तुकडा हलत होता.

मिस्त्रींनी टेप काढली. पुढच्या चाकाच्या मधल्या टोपीपासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत माप घेतलं, उजवीकडे आणि डावीकडे. खडूने दोन्ही पत्र्यांवर आकडे लिहिले. आकडे सारखेच होते. डावीकडे नखभर कमी, झालं तर.

"गाडी सरळ आहे दादा," मिस्त्री खिडकीकडे बघून म्हणाले.

सगळे आईकडे बघायचं टाळत होते आणि ते टाळणं बघण्यापेक्षा वाईट होतं. आई समोर जाऊन उभी राहिली. डोळे बारीक करून तिने गाडीकडे पाहिलं. गाडीने तिच्याकडे पाहिलं, दोन्ही डोळे सारखे.

"मला रोज वाकडी दिसते," आई हळूच म्हणाली.

"आलोच आहे तर पाव फेरा देतो डावीकडे," मिस्त्री तिच्या समाधानासाठी म्हणाले, आणि जॅक लावून खाली सरकले. घंटी बॅटरी धरायला त्यांच्यामागोमाग सरपटत गेली.

खाली तेलाचा, तापल्या लोखंडाचा आणि वाळल्या चिखलाचा वास होता. चाकापासून निघून मागे जाणारी एक जाड दांडी मिस्त्रींनी बोटाने वाजवून दाखवली.

"ही पिळाची दांडी. पुढच्या चाकावरचं वजन हिच्यावर. ओली चादर दोघांनी धरून पिळतात ना, तशी. चाक दांडीला पीळ देतं, दांडी उलट जोर लावते. तिच्या शेपटाला हा बोल्ट. आवळला की पीळ वाढतो, त्या बाजूची गाडी वर उचलते. सैल केला की खाली बसते."

"दोन्ही बाजूंना एकेक?"

"दोन्ही बाजूंना एकेक. आणि हा वर बसलाय तो लॉकनट. तो बोल्टला म्हणतो, आता हललास तर बघ."

घंटीला हे सगळं इतकं आवडलं, की ती गाडीखालून बाहेर आली ती डोक्यात ग्रीस घेऊनच. मिस्त्रींनी जॅक काढला, बंपरवर चढून चार उड्या मारल्या, गाडी ढकलून मागेपुढे केली. दाबलेली गाडी अशी हलवल्याशिवाय खऱ्या उंचीवर बसत नाही म्हणाले. मग परत थाळी, परत टेप. सगळं सरळ. वरून बाबांचा हात खिडकीबाहेर आला, चहाच्या रिकाम्या ग्लासासकट.

"आता अंगणही सरळ आणि गाडीही सरळ," काका म्हणाले.

पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. ते न बोलताच सगळ्यांना ऐकू आलं.

*

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. घंटी आईबरोबर गेली, मागे हौद्यात, ट्रेंजवळ बसून. आभाळ भरलेलं पण पाऊस नाही, गरम वारा नाकातोंडात माती घालत होता. आई इतकी हळू चालवत होती, की एक सायकलवाला बेल वाजवून पुढे निघून गेला आणि वळून हसला.

वळण आलं. आईने ब्रेक दाबला, अगदी झोपलेल्या बाळाला थोपटावं तसा. डाव्या कप्प्यातला पहिला ट्रे एक बोट सरकला. मग दुसरा. घंटीने दोन्ही हात पसरून ट्रे अडवले, तिसऱ्याला डोकं लावलं, चौथा तिच्या मांडीवर आला.

बागवाला फाटकातच उभा होता. टोपी मागे सरकवून त्याने मांडणीत डोकावलं.

"बाई, रोपं आणलीत की गुरांचा चारा?"

आईचा चेहरा गरम वाऱ्याने तापलेला होताच, आणखी लाल झाला. "वाकलेली मी बदलून देते."

"बदलून देता हो, पण माझी माणसं लागवडीला उभी असतात. हातात रोप नाही तर काय बोटं लावायची मातीत?" मग घंटीच्या केसांतली माती बघून त्याचा आवाज जरा उतरला. "रोपं तुमचीच चांगली असतात. म्हणून सांगतो. रविवारी नीट आणा. नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल."

परत येताना आईने गाडी बांधाच्या कडेला थांबवली. बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं, आणि मग कितीतरी वेळ स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिली.

"रविवारचा माल मी पोचवते," ती म्हणाली. "मग येऊ दे तो ड्रायव्हर."

"पण गाडी झुकते ना आई? मी मागून पाहिलंय. सगळे डावीकडेच येतात."

"मिस्त्रींनी मापलं. पाण्याने मापलं. मग माझंच काहीतरी चुकत असणार."

"तुला सोडावीशी वाटते?"

आईने ओढणीच्या टोकाने आरसा पुसला. तो स्वच्छच होता.

"तुला सांगू? इथे बसलं की माझं वयच मला आठवत नाही. रस्ता पुढे आणि मी मागे, एवढंच. कुणाचं ताट वाढायचं राहिलंय, कुणाची औषधं, काही नाही." तिने किल्ली फिरवली. "जाऊ दे. चल, शेडला पाणी द्यायचंय."

घंटी रस्ताभर एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर बाबांनी तिला ताप आहे का म्हणून विचारलं.

*

शनिवारी दुपारी बाबा गाडीत झोपले होते. मिस्त्री येऊन गेल्यापासून त्यांनी ही नवीन सवय लावून घेतली होती. जेवण झालं की "मला बसवा", मग रेडिओ, मग घोरणं. पत्र्याची गाडी त्या घोरण्याने बारीक थरथरायची.

घंटी रविवारची मांडणी धुवत होती. मिस्त्रींची ती थाळी अजून हौद्यातच पडलेली. तिने नळी तिच्यात सोडली, काठोकाठ भरू दिली, आणि नळी उचलून वरच्या कप्प्याकडे वळली.

"मला उतरवा रे कुणीतरी," पुढून बाबांचा आवाज आला. काका आले, आई आली. एक, दोन, तीन. मग परत एक, दोन, तीन. धप्प.

घंटीच्या डाव्या पायावर थंडगार पाणी सांडलं.

तिने खाली पाहिलं. थाळी हललेली नव्हती. पण पाणी डाव्या काठावरून धार धरून खाली चाललं होतं, आणि उजवा काठ दोन बोटं कोरडा पडला होता.

तिने थाळीकडे पाहिलं. बाबांकडे पाहिलं. परत थाळीकडे पाहिलं.

"बाबा, परत चढा."

"काय?"

"परत चढा ना बाबा, एकदाच."

"पोरी, आत्ता तर उतरवलं. मी माणूस आहे की मालाची पेटी?" काका मध्येच म्हणाले, "तिला ऊन लागलंय." पण घंटी वाजायला लागली होती, आणि ती बंद कशी करायची हे अजूनही कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी घाम पुसत, कण्हत, हसत तिघांनी बाबांना परत वर चढवलं.

घंटीने थाळी पुन्हा भरली. काठोकाठ. पाणी सरळ.

"आता उतरा."

"ही माझा दुसरा पाय मोडणार," बाबा म्हणाले, पण उतरले. गाडीचा उजवा खांदा हळूच वर आला, ओझं उतरवलेल्या बैलासारखा. पाणी डावीकडून सांडलं.

"आई, आता तू बस."

आई चढली. आई म्हणजे एक पोतं, तेही नीट न भरलेलं. गाडीला ती चढल्याचं कळलंच नाही. पाणी डावीकडे सांडतच राहिलं.

आता सगळे थाळीभोवती उभे होते. आईने वरून खिडकीतून मान काढून पाहिलं, आणि तिच्या तोंडून एक लहानसा आवाज आला, हसण्याचा की रडण्याचा ते तिलाच ठरवता आलं नसावं.

"मिस्त्री गाडीखाली जायचे तेव्हा तुम्ही कायम वर," घंटी म्हणाली. श्वास घ्यायला ती मधे थांबत नव्हती. "दर वेळी तुमची बाजू दबलेली दिसायची, दर वेळी ते उजवा बोल्ट आवळायचे, दर वेळी पीळ वाढायचा. तुम्ही बसलात की गाडी सरळ. तुम्ही उतरलात की उजवी बाजू वर, डावी खाली. मोजतानाही तुम्हीच आत बसला होतात. आईची गाडी कुणी मोजलीच नाही."

बाबा खाटेवर टेकले. त्यांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या पोटाकडे. घंटीला एकदम भीती वाटली. आपल्या बापाला त्याच्या वजनाबद्दल चारचौघांत बोलणारी मुलगी चांगली नव्हे, हे तिला आता आठवलं.

"म्हणजे," बाबा सावकाश म्हणाले, "मी खाटेवर पडलो तरी गाडी मलाच घेऊन फिरतेय."

आणि ते हसायला लागले. खाट करकरली, प्लास्टर उशीवरून घसरलं, डोळ्यांतून पाणी आलं. काकाही हसले, मग त्यांना आठवलं की आपण हसण्याच्या बाजूला नाही, आणि ते ट्रॅक्टरकडे काहीतरी बघायला गेले.

आई हसली नाही. ती खाली उतरून थाळी पुसत होती.

"तुला कळलं होतं?" घंटीने तिला हळूच विचारलं.

"नाही गं." आईने थाळी उलटी करून झटकली. "मला वाटलं होतं, मीच वाकडी बसते."

*

मिस्त्री संध्याकाळी उन्हं असतानाच आले. ऐकून त्यांनी कानामागचा खडू काढला आणि परत लावला.

"दादांना उतरा कसं म्हणणार? म्हटलं असतं तर उतरवलं कुणी असतं?"

मग कामाला लागले. या वेळी बाबा अंगणात खुर्चीवर, आई गाडीत. मागे रविवारचा सगळा माल भरलेला, ओले जड ट्रे, कारण मिस्त्री म्हणाले, जशी जायची तशीच मोजायची. हवा पाहिली. टेप लावली. उजवीकडचा आकडा डावीकडच्यापेक्षा चांगला दोन बोटं मोठा आला. तो खडूने लिहिताना मिस्त्रींनी मान खाली घातली.

जॅक लावला, लोखंडी घोडीचा टेकू दिला. "आता तू जा आत," मिस्त्रींनी पाना घंटीच्या हातात ठेवला. "तुझाच शोध आहे. आधी लॉकनट सोड, मग बोल्ट."

लॉकनट हलेना. इतक्या वर्षांचा चिखल, इतक्या वर्षांचे बाबा. घंटीने पाय गाडीच्या सांगाड्याला लावले, दात आवळले आणि सगळं अंग मागे फेकलं. कर्र असा आवाज झाला. पाना सुटला, तिचं कोपर खरचटलं, आणि नट फिरला.

"फिरला," ती ओरडली. बाहेरून मिस्त्री म्हणाले, "शेजारच्या गावाला कळलं."

बोल्ट ती अर्धा अर्धा फेरा सोडत गेली. दर वेळी जॅक खाली, काकांनी बंपरवर उड्या मारायच्या, गाडी मागेपुढे ढकलायची, टेप लावायची. काकांना हे काम मिस्त्रींनी नेमून दिलं होतं आणि ते मुकाट्याने उड्या मारत होते. आई वर स्टीअरिंग धरून सरळ बसली होती, फोटो काढायला बसतात तशी.

"ताई, श्वास घेतला तरी चालेल," मिस्त्री म्हणाले.

"फरक पडला तर?"

"तुमच्या श्वासाने? तुमच्या वजनाने पडत नाही इथे."

शेवटचा फेरा दिल्यावर दोन्ही आकडे एक आले. थाळीतलं पाणी चारही बाजूंनी काठाला टेकलं. बाबा खुर्चीतून वाकून वाकून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण त्या हसण्यामागे काहीतरी खाली बसत होतं, गाडीच्या उजव्या खांद्यासारखं, हळूहळू.

"लॉकनट नुसता हाताने लावून ठेवतो," मिस्त्री म्हणाले. "उद्या फिरवून आणा. दांडी बसू दे. मग परत मोजून पक्का आवळू. आणि चाकांची अलाइनमेंट करून घ्या, उंची बदलली की चाकं तिरकी पळतात."

*

रविवारी सकाळी घंटी पुन्हा हौद्यात बसली, दोन्ही हात पसरून, ट्रे अडवायला तयार.

वळण आलं. आईने ब्रेक दाबला. घंटीने डोळे मिटले.

काहीच अंगावर आलं नाही. तिने एक डोळा उघडला. ट्रे जागच्या जागी होते. रोपं एकदम पुढे वाकली आणि एकदम मागे झाली, कवायतीला उभ्या केलेल्या मुलांसारखी. पुढच्या वळणाला तिने हात खाली घेतले. त्याच्या पुढच्या वळणाला ती गाणं म्हणत होती. मागून तोच सायकलवाला आला, आणि या वेळी आईने त्याला मागेच ठेवलं.

बागवाल्याने टोपी मागे सरकवली, मांडणीत डोकावलं, दुसऱ्या बाजूने जाऊन परत डोकावलं. सगळे कप्पे बघितले. काही सापडेना म्हणून त्याचा चेहरा जरा पडला.

"नवा ड्रायव्हर ठेवलात का?"

"नाही," आई म्हणाली. "गाडी माझ्या मापाने करून घेतली."

त्याला काही कळलं नाही. त्याने दोन माणसं बोलावली आणि ट्रे उतरवून घेतले. मग पुढच्या आठवड्याची कोबीची रोपंही सांगून ठेवली. निघताना एक भलंमोठं कलिंगड त्याने घंटीच्या हातात दिलं. ते कलिंगड आईने डावीकडे ठेवायचं की उजवीकडे, यावर त्या दोघी निम्मा रस्ता हसत होत्या.

फाटकाशी हॉर्न वाजला. मग वाजला दुसरा. मग घंटीने हौद्यातून खिडकीत हात घालून तिसरा वाजवला.

अंगणात मिस्त्री, काका आणि बाबा थांबलेच होते. रिकामी मांडणी बघून कुणी काही विचारलं नाही. मिस्त्रींनी टेप लावली, मान डोलावली आणि पाना हातात घेऊन बाबांकडे वळले.

"दादा, एक विचारतो. तुमचा पाय आज ना उद्या बरा होणार. तेव्हा गाडी परत तुमच्या मापाने लागेल. म्हणून आत्ता हलकाच आवळून ठेवू की पक्का?"

आईचा हात अजून गाडीच्या दारावर होता. घंटी कलिंगड पोटाशी धरून उभी राहिली.

बाबांनी गाडीकडे पाहिलं. दोन्ही डोळे सारखे. मग पहिल्यांदाच, किती दिवसांनी, त्यांनी सरळ आईकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर रस्त्याची धूळ होती आणि कपाळावर घामाने चिकटलेले केस. तिला ते पुसायचंही सुचलं नव्हतं.

"पाना इकडे आणा," बाबा म्हणाले.

"दादा, तुम्हाला वाकता येणार नाही."

"मग घंटीला द्या. आणि पानाला पाइप लावा लांब." ते घंटीकडे वळले. "असा आवळ, की मी उद्या बरा होऊन विनवण्या केल्या तरी सुटायला नको."

घंटीने कलिंगड काकांच्या हातात कोंबलं आणि गाडीखाली घुसली. तिने आवळलं. हात दुखेपर्यंत आवळलं, आणि मग कालचं खरचटलेलं कोपर जमिनीला टेकवून आणखी एकदा. ती बाहेर आली तेव्हा आई दाराशी पाठमोरी उभी होती आणि आरसा पुसत होती. तो आरसा नेहमीसारखाच स्वच्छ होता.

"पण अहो, मग तुम्ही कुठे बसणार?" आईने न वळता विचारलं. "उद्या पाय दाखवायला दवाखान्यात जायचंय. डावीकडे बसलात तर गाडी डावीकडे झुकेल."

बाबांनी विचार केला. हौद्याकडे पाहिलं.

*

सोमवारी सकाळी गावातल्या लोकांनी पाहिलं, की रोपवाल्यांची पिकअप रस्त्याने चालली आहे. गाडी बाणासारखी सरळ. स्टीअरिंगवर रोपवाली बाई, शेजारी दप्तर मांडीवर घेऊन शाळेला निघालेली मुलगी. आणि मागे हौद्यात, मधोमध, मांडणी काढून तिच्या जागी ठेवलेल्या खुर्चीवर, प्लास्टरचा पाय पुढे करून बसलेले रोपवाले. त्यांच्या मांडीवर काठोकाठ भरलेली थाळी होती.

खुर्ची नेमकी कुठे ठेवायची हे मिस्त्रींनी खडूने आखून दिलं होतं. तिचे पाय दोराने बांधायचं काम काकांनी आपणहून घेतलं होतं, आणि तिसरी गाठ मारताना ते म्हणाले होते, "वहिनी, जरा हळू हं." त्यावर आई म्हणाली होती, "भावजी, ब्रेक नावाची एक वस्तू असते."

वळण आलं. घंटीने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"बाबा, पाणी?"

बाबांनी थाळीकडे पाहिलं, मग सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "एक थेंब नाही. तुझ्या आईला सांग, जरा जोरात घे."

आईने हॉर्न दिला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तिने दुसराही दिला.